तान्ह्या पोळ्याला पोट्ट्यांसाठी कॅरॅमल सफरचंद : पांढरी साखर न घालता घरी जमेल का?

निंबूपाणी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. तान्हा पोळा जवळ येऊन राहिला. आमच्या सोसायटीत दरवर्षी पोट्टे लाकडी नंदी सजवून दारोदारी फिरतात आणि आपण बोजारा म्हणून हातावर दहाची नोट नाहीतर चॉकलेट ठेवून मोकळे होतो. यंदा बायकांच्या ग्रूपवर ठरलं की घरी केलेलं काहीतरी द्यायचं. माझ्या लेकीनं कुठल्याशा व्हिडिओत काडीला टोचून कॅरॅमलमध्ये बुडवलेलं सफरचंद पाहिलं आणि तेव्हापासून तिचा एकच धोशा सुरू आहे.

मुलं तीसेक असतील. सर्वात लहान दीड वर्षाचं, मोठी सातवी-आठवीतली. पांढरी साखर नको, कॉर्न सिरप तर नकोच. गूळ, खजूर, मध यातलं काय चालेल? माझ्याकडे गॅस, कढई आणि मिक्सर आहे. थर्मामीटर वगैरे चोचले नाहीत. आणि या दमट हवेत ते टिकेल का?

बर्डीवाला
काहून एवढा कुटाणा करून राहिल्या ताई? सफरचंद कापा, वरून गुळाची चिक्की कुटून टाका, झालं. पोट्ट्याले गोड लागलं म्हणजे झालं.

आत्याबाई
बर्डीवाल्या, तू गप बस. निंबू, गुळाचं कॅरॅमल उत्तम होतं. चिक्कीचा पाक येत असेल तर हेही येईल, फक्त पाक आधी थांबवायचा.

पाव किलोला थोडा कमी, म्हणजे २०० ग्रॅम गूळ किसून घे. दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर विरघळव आणि गाळून घे. गुळात बारीक खडे असतातच, मुलांच्या दाताखाली येतील. गाळलेला गूळ परत कढईत, त्यात दोन मोठे चमचे लोणी आणि अर्धी वाटी नारळाचं घट्ट दूध. मग ढवळत राहायचं. आधी मोठे बुडबुडे येतात, नंतर ते बारीक आणि जड होतात, झाऱ्यावरून धार संथ पडायला लागते. तेव्हा वाटीभर गार पाण्यात एक थेंब टाकून बघ. पसरला तर अजून वेळ आहे. बोटांनी गोळा झाला, दाबल्यावर चपटा झाला पण हाताला चिकटला नाही, की गॅस बंद. थेंब कटकन मोडला तर तो चिक्कीचा पाक झाला, तो सफरचंदावर नको. चिमूटभर मीठ शेवटी. मीठ विसरू नको, गुळाचा उग्रपणा त्यानेच कमी होतो.

लगेच बुडवायचं नाही. पाच-सात मिनिटं थांब, चमच्याच्या पाठीवर जाड थर राहील इतकं आळू दे. गरम असताना बुडवलं की सगळं खाली ओघळतं आणि ताटात डबकं होतं.

निंबूपाणी
आत्याबाई, नारळाचं दूध का? घरात म्हशीचं दूध आहे, साय आहे. तेच वापरलं तर?

रसायनी
फाटेल. गूळ थोडा आम्लधर्मी असतो, शिवाय त्यात क्षार असतात. गरम दुधात गूळ पडला की दुधातलं केसीन नावाचं प्रथिन गोळा होतं. म्हणून तर गुळाच्या खिरीत दूध शेवटी, खीर जरा निवल्यावर घालतात. नारळाच्या दुधात केसीन नसतं. कोकणात शिरवाळ्यांना नारळाचं दूध आणि गूळ एकत्र चालतो तो त्यामुळेच.

डेअरीची चव हवीच असेल तर लोणी किंवा फ्रेश क्रीम वापरा. स्निग्धांश जास्त आणि प्रथिनं कमी, त्यामुळे फाटण्याची शक्यता कमी. क्रीम कोमट करून, कढई गॅसवरून उतरवून घालायचं. चिमूटभर खायचा सोडा घातला तर आम्ल मरतं, पण पाक फसफसून वर येतो. कढई मोठी घ्या आणि मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

आत्याबाईंचा गोळीबंद पाक म्हणजे साधारण ११८ अंश सेल्सिअस. उकळत्या पाण्यापेक्षा गरम, शिवाय चिकट. अंगावर पडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, तिथंच भाजत राहतो. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही.

दंतकथा
पेशाने दातांचा डॉक्टर आहे, त्यामुळे माझा सूर थोडा कडू लागेल, सांभाळून घ्या.

‘नैसर्गिक गोड’ या शब्दावर आयांचा फार विश्वास. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस बघा. मोकळी साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. त्या मोकळ्या साखरेत मध, सिरप आणि फळांचा रसही धरलेला आहे. गूळ बहुतांशी सुक्रोजच, म्हणजे साखरच आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं म्हणणं, दोन वर्षांखालच्या मुलांना वरून घातलेली साखर नकोच, आणि दोन ते अठरा वयात दिवसाला २५ ग्रॅमच्या आत.

आता आत्याबाईंचं प्रमाण घ्या. २०० ग्रॅम गूळ, त्यात पाचेक लहान सफरचंदं बुडतील. कढईला चिकटलेला सोडून दिला तरी एकेका सफरचंदावर तीस ग्रॅमच्या आसपास गूळ बसतो. म्हणजे दिवसाचा कोटा एका काडीत संपला, आणि तान्ह्या पोळ्याला पोट्टे दहा घरी जातात.

गूळप्रेमी
झालं सुरू! आमच्या आजोबांनी जन्मभर गूळ-शेंगदाणे खाल्ले, नव्वदीपर्यंत बत्तीशी शाबूत. गुळात लोह असतं, खनिजं असतात. साखरेत काय असतं?

दंतकथा
आजोबांना नमस्कार. आजोबा गुळाचा खडा खाऊन शेतात राबायचे, आपला नातू खाऊन मोबाईल धरून बसतो. लोह असतं, मान्य. पण ते पुरेसं मिळावं इतका गूळ खाल्ला तर बाकीचं गणित बिघडतं. लोहासाठी अळीव, हरभरे, पालेभाज्या आहेत. गूळ चवीसाठी खा, औषध म्हणून नको. आणि दातांचं म्हणाल तर गोड किती यापेक्षा ते दाताला किती वेळ चिकटून राहतं यावर किडीचं गणित जास्त ठरतं. कॅरॅमल दाढेच्या खाचेत बराच वेळ बसून राहतं. खजूरसुद्धा.

करू नका असं म्हणत नाही. सण आहे, करा. पण आख्खं सफरचंद काडीवर देण्याऐवजी फोडी करा आणि फोडीच्या टोकाला चमचाभर कॅरॅमल लावा. फळ जास्त, गोड कमी. जेवणानंतर द्या, वर पाणी प्यायला सांगा.

बर्डीवाला
डॉक्टरसाहेब, त्या दिवशी इडापिडा घेऊन जाणारी मारबत निघते शहरात. ‘साखर घेऊन जा गे मारबत’ अशी घोषणा तुमच्याकडून यंदा होऊन जाऊ द्या.

दंतकथा
देतो की. पण मग दवाखाना बंद पडेल.

शिकागोतला_नागपूरकर
इकडे हा प्रकार हॅलोविनच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरात सगळीकडे दिसतो. शरद ऋतूत इथं सफरचंदाचा हंगाम असतो म्हणून. मूळचं कॅरॅमल साखर, कॉर्न सिरप, लोणी आणि क्रीमचं.

मी वेगळंच सांगायला आलो. काडीबद्दल. २०१४ च्या अखेरीस इथं पाकीटबंद कॅरॅमल सफरचंदांतून लिस्टेरिया जंतूची साथ पसरली होती. १२ राज्यांत ३५ जण आजारी पडले, त्यातले ३४ रुग्णालयात. सगळे चक्रावले, कारण सफरचंद आम्लधर्मी, कॅरॅमलमध्ये पाणी फार कमी, मग जंतू वाढला कसा? विस्कॉन्सिन विद्यापीठात २०१५ मध्ये प्रयोग झाला. काडी टोचली की सफरचंदाचा रस बाहेर झिरपतो आणि साल व कॅरॅमल यांच्यामधल्या फटीत साचतो. तिथं ना पुरेसं आम्ल ना पुरेशी साखर, जंतूंना आयतं घर. २५ अंशांवर काडीवाल्या सफरचंदांत तीन दिवसांत जंतू हजारपट झाले. काडी नसलेल्यांत वाढ बरीच हळू होती, आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्यांत त्याहून हळू.

नागपुरात ऑगस्टमध्ये स्वयंपाकघर २५ अंशांपेक्षा थंड कधी असतं? म्हणून फळ नीट धुवा, काडी टोचायची तर अगदी आयत्या वेळी, त्याच दिवशी खा, रात्रभर ओट्यावर ठेवू नका. घाबरवायचं नाही, पण आदल्या रात्री करून ठेवू असा बेत असेल तर तो बदला.

निंबूपाणी
बाप रे. आदल्या रात्री करून ठेवायचाच बेत होता! बरं झालं सांगितलं दादा.

डब्बा_रोजचा
मी मुलांच्या डब्यात खजुराचं कॅरॅमल देते. पाक नाही, थेंब बघणं नाही, भाजण्याची भीती नाही. निंबूताई, तीस पोरांसाठी तुम्हाला हेच सोपं जाईल.

वाटीभर मऊ खजूर, बिया काढून. काढल्या असं पाकिटावर लिहिलं असलं तरी एकेक दाबून बघा, बी निघतेच. कडक गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. पाणी फेकू नका. खजूर मिक्सरमध्ये घाला, त्यात दोन चमचे शेंगदाण्याचं किंवा बदामाचं बटर, एक चमचा साजूक तूप, मीठ आणि लागेल तसं भिजवलेलं पाणी. थांबून थांबून फिरवा, नाहीतर छोटं भांडं गरम होऊन जळकट वास येतो. अगदी गुळगुळीत झालं की कढईत काढून मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. कडा सोडायला लागलं की झालं. कुणी सांगितलं नाही तर खजूर आहे हे ओळखू येत नाही, रंग आणि चव दोन्ही कॅरॅमलच्या जवळ जातात.

हे बुडवण्याइतकं पातळ नसतं, थापायचं असतं. सफरचंदाच्या आडव्या चकत्या कापा, बोटभर जाड नको, त्याच्या निम्म्या. मधला बियांचा भाग बाटलीच्या झाकणाने काढला की गोल भोक पडतं. चकतीवर कॅरॅमल, वर भाजलेले तीळ, खोबऱ्याचा कीस नाहीतर राजगिऱ्याच्या लाह्या. माझी धाकटी त्याला सफरचंदाचा डोनट म्हणते. म्हणू दे, खाते ना.

गूळप्रेमी
हे मात्र बरं दिसतं. पण यात गूळ कुठे?

डब्बा_रोजचा
नाही. 😄 घालायचाच तर वरून किसून घाला.

पिल्लूची_आई
मध घालू का खजुरात? माझं दहा महिन्यांचं आहे, पण मोठ्या भावाचं बघून तेही हात पुढे करतं.

रसायनी
दहा महिन्यांच्या बाळाला मध अजिबात नाही. एक वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही, चाटणंसुद्धा नको. मधात बॉट्युलिनम जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि ते घरच्या शिजवण्याने मरत नाहीत. म्हणजे ‘उकळला होता’ ही सबब चालत नाही. मोठ्या मुलांना मध चालतो, पण या कामाला तो तसाही सोयीचा नाही. त्यात फ्रुक्टोज जास्त, हवेतला ओलावा ओढून घेतो, ओघळत राहतो. पोळ्याच्या हवेत तर फारच.

आत्याबाई
आणि आयुर्वेदात मध तापवू नये असंच सांगितलंय. कढवायचा कशाला?

दंतकथा
पिल्लूच्या आई, कच्च्या सफरचंदाच्या फोडीही नकोत. चार वर्षांखालच्या मुलांना कच्च्या सफरचंदाचे कडक तुकडे घशात अडकण्याचा धोका असतो, त्यात चिकट कॅरॅमल म्हणजे दुहेरी. लहानग्यांना सफरचंद वाफवून, बोटांनी चिरडेल इतकं मऊ करून द्या. तेवढंच. त्याला वरून गोड लावायची गरज नाही, वाफवल्यावर ते आपलं आपण गोड होतं. चिमूटभर दालचिनी पुरे.

पिल्लूची_आई
धन्यवाद दोघांनाही. मोठ्याला चकती, धाकट्याला वाफवलेलं.

मोहफूल
मी गोंदियाकडची. सगळे गूळ-खजूर करून राहिले म्हणून लिहिते, आपल्या झाडीपट्टीत गोडासाठी मोहाची फुलं होती की! वाळलेली फुलं निवडून, धुऊन, पाण्यात उकळायची. मऊ झाली की कुस्करून गाळायची आणि ते पाणी आटवत न्यायचं. काकवीसारखा दाट, काळपट पाक होतो, एक थेंब साखर न घालता. माझी आजी त्यात कणीक मळून पुऱ्या करायची. मोह म्हटलं की शहरातल्या लोकांना फक्त दारू आठवते, याचा मला फार राग येतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायला सगळं घर जातं, त्यावर कित्येक घरांचा वर्षाचा किराणा निघतो.

सफरचंदावर लावायचा तर पाक एकटा नको, वास उग्र असतो, मुलं तोंड फिरवतील. खजुराच्या कॅरॅमलमध्ये दोन चमचे घाला. चव एकदम खोल जाते. पाक त्याच दिवशी ताजा करा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिला तर आंबायला लागतो, आणि मग शहरातल्या लोकांचं बरोबर ठरेल. 😉

बर्डीवाला
मोहफूलताई, हे एकदम कडक! फुलं नागपुरात कुठं भेटतील?

मोहफूल
इतवारीत जडीबुटीवाल्यांकडे विचारा. घेताना वास घेऊन बघा, आंबूस वास आला तर सोडून द्या. आणि निवडायला वेळ ठेवा, आत केसर असतात, माती असते.

निंबूपाणी
मोहाचं आमच्या गच्चीवरच्या कार्यक्रमात आजी मंडळींसाठी नक्की करणार. आता सफरचंदाचं सांगा. गोकुळपेठ मार्केटात चकाकणारी लाल आणि थोडी हिरवट-पिवळी, दोन्ही दिसली. कुठली घेऊ?

शिकागोतला_नागपूरकर
आंबट आणि कडक. इथं हिरवं ग्रॅनी स्मिथ वापरतात, कारण गोडावर आंबट हवं. तिकडे ते आयात केलेलं आणि महाग मिळेल.

आत्याबाई
हिरवट-पिवळं गोल्डन घे, दाबल्यावर कडक लागणारं. पोळ्याच्या सुमारास हिमाचलचा नवा माल आलेला असतो, काश्मीरचा त्याच्या मागून येतो. नवा माल करकरीत असतो. शीतगृहातलं जुनं सफरचंद पिठूळ लागतं, त्यावर काहीही लावलं तरी मुलं अर्धं टाकून देतात. आकाराने लहान घे, स्वस्तही पडतं.

रसायनी
चकाकी म्हणजे बहुधा मेणाचा थर. खाण्यायोग्य मेणाला परवानगी असते, विषबिष नाही, पण कॅरॅमल त्यावर धरत नाही, साडी सुटावी तसं सुटून खाली येतं. कडक गरम पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवून खरखरीत फडक्याने पुसून काढा. मग पूर्ण कोरडं करा. फ्रिजमधलं थंड सफरचंद थेट वापरू नका, दमट हवेत त्यावर लगेच पाणी धरतं आणि पुन्हा तेच.

चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून चार वाट्या पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्यात पाच मिनिटं ठेवा, साध्या पाण्यातून काढा आणि फडक्यावर टिपून घ्या. लिंबूही चालतं, पण मिठाच्या पाण्याची चव मागे राहत नाही.

गूळप्रेमी
सफरचंदच कशाला? पेरू घ्या ना. पेरूची फोड, गुळाचं कॅरॅमल, वर तिखट-मीठ. मोठ्यांनाही आवडेल.

आत्याबाई
पेरू छानच लागतो. बिया असल्यामुळे लहानांना नको. आणि डिसेंबरात हेच गुळाचं कॅरॅमल करून त्यात संत्र्याची साल किसून घाल. फक्त वरची नारिंगी, आतली पांढरी कडू असते. आपल्याकडे राहून संत्र्याला विसरायचं नाही.

निंबूपाणी
तर ठरलं ते असं. आदल्या दिवशी फक्त खजुराचं कॅरॅमल करून डब्यात, फ्रिजमध्ये. सफरचंदं आणून, धुऊन, पुसून ठेवायची, कापायची नाहीत. त्या दिवशी दुपारी चकत्या कापून मिठाच्या पाण्यातून काढायच्या, पोट्टे यायच्या तासभर आधी कॅरॅमल थापून तिळात बुडवायच्या. प्रत्येकाला दोन. गुळाचं कॅरॅमल आत्याबाईंच्या पद्धतीने अर्ध्या प्रमाणात, फक्त मोठ्या मुलांसाठी, फोडींच्या टोकाला. आइस्क्रीमच्या बोथट काड्या आणल्या आहेत, बांबूच्या टोकदार नाहीत, आणि त्याही हातात देताना टोचणार. चार वर्षांखालच्यांना वाफवलेलं, वाटीत.

लेकीला आख्खं सफरचंदच हवं होतं. तिला सांगितलं, तुझा नंदी आख्खा आहे, सफरचंद चकतीत मिळेल. रुसली आहे, पण तीळ भाजायला आली.

डब्बा_रोजचा
शेंगदाण्याचं बटर घालणार असाल तर ग्रूपवर आधी विचारा, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत असं एखादं मूल असतंच. तीस मुलांत तरी विचाराच. नसेल चालत तर सगळ्यांसाठीच तूप आणि नारळाचं दूध घाला, वेगळं ताट ठेवलं की हात इकडून तिकडे जातात. बदामही मग सोडून द्या. तीळसुद्धा विचारून.

निंबूपाणी
विचारलं. एकाला शेंगदाणा चालत नाही, त्याच्या आईनं स्वतःहून फोन केला. तेव्हा तूप आणि नारळाचं दूधच. तिळाचं कुणाला काही नाही.

पिल्लूची_आई
उरलेल्या गुळाच्या कॅरॅमलचं काय करता? दुसऱ्या दिवशी ते दगड होतं का?

आत्याबाई
दगड नाही, पण घट्ट होतं. चमचाभर पाणी घालून मंद आचेवर परत सैल कर, त्यात कुरमुरे टाक आणि हाताला तूप लावून लाडू वळ. कढईच्या तळाशी चिकटलेलं खरवडू नकोस, त्यात पाणी घालून उकळ, आलं किसून घाल. पावसात घसा बसलेल्या मोठ्या माणसांना तो काढा चालतो.

बर्डीवाला
ताई, मी नंदी घेऊन येतो. वय विचारू नका.